संक्रांत ते पाडवा : थंडीच्या उतरणीवरील परसबाग आणि घरकामातून कीडनियंत्रण

प्रस्तावना

संक्रांतीनंतर दिवस मोठा होत असल्याचे जाणवू लागते. पहाटेचा गारठा मात्र काही आठवडे रेंगाळतो. शिशिर पुरता सरलेला नसतो आणि वसंत पुरता आलेला नसतो. अशा संधिकाळात ग्रामीण घराच्या परसात कामांची एकच दाटी होते. वालाच्या शेवटच्या शेंगा उतरवायच्या असतात, मोगऱ्याची छाटणी उरकायची असते, केळीची वाळली पाने काढायची असतात, उकिरडा हलवायचा असतो आणि गळलेल्या पाचोळ्याचे काय करावे याचा निर्णय घ्यायचा असतो. ही कामे आपण स्वच्छतेची किंवा बागकामाची मानतो. कीटकशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांतील जवळजवळ प्रत्येक काम कोणत्या ना कोणत्या किडीला साहाय्य करते, नाही तर तिची वाट अडवते.

प्रस्तुत पाठासाठी म्हैसूर परिसरातील परसबाग उदाहरणादाखल घेतली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवरील या पठारावर हिवाळा सौम्य असतो. घरामागील परसाला कन्नडमध्ये ‘हित्तलु’ म्हणतात. नारळ, केळी, शेवगा, पपई, कढीपत्ता, वालाचा मांडव आणि मोगऱ्याची झुडपे हा तिथला नेहमीचा परिवार. म्हैसूरची मल्लिगे, नंजनगूडची रसबाळे केळी आणि म्हैसूरचे विड्याचे पान यांना भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. या परसाला लागूनच अनेक ठिकाणी तुतीची बाग असते. महाराष्ट्रातील रेशीम उत्पादकांना हा प्रदेश अपरिचित नाही. आपल्याकडे सर्वत्र लावला जाणारा ‘व्ही-१’ हा तुतीचा वाण म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेनेच दिला आहे. जालना, बीड येथील संगोपनगृहाशेजारच्या परसबागेलाही पुढील विवेचन थोड्याफार फरकाने लागू पडेल.

पाठाचा मुख्य मुद्दा असा : या हंगामात किडी आधी वाढतात आणि त्यांचे शत्रू मागाहून येतात. मधल्या सुमारे दोन आठवड्यांत फवारणी न करता केवळ घरकामाच्या जोरावर पीक सांभाळले, तर पुढचे काम मित्रकीटक स्वतः करतात. मध्येच विषारी फवारणी केली, तर ती येऊ घातलेली मदत परत फिरते.

उष्णतेचे गणित

कीटकांना स्वतःच्या शरीराचे तापमान आपल्यासारखे स्थिर राखता येत नाही. त्यांची वाढ भोवतालच्या उष्णतेवर अवलंबून असते. प्रत्येक जातीसाठी एक किमान तापमान असते. त्याखाली वाढ जवळजवळ थांबते. दिवसाच्या सरासरी तापमानातून हे किमान तापमान वजा केल्यास त्या दिवशी कीटकाला मिळालेली उपयुक्त उष्णता कळते. तिला ‘अंश-दिवस’ म्हणतात. ठरावीक अंश-दिवस जमले की कीटक प्रौढ होतो.

माव्याचे किमान तापमान साधारणतः ५ ते ८ अंश सेल्सिअस, तर त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांचे १० ते १२ अंशांच्या आसपास असते. जातीनुसार हे आकडे बदलतात. हिशेब समजण्यासाठी माव्याचे किमान तापमान ६ अंश व त्याची गरज १०० अंश-दिवस, आणि ढालकिड्याचे किमान तापमान ११ अंश व अंड्यापासून प्रौढापर्यंतची गरज २२० अंश-दिवस धरू.

जानेवारीतील एखाद्या दिवशी कमाल तापमान २८ व किमान १६ अंश असेल, तर सरासरी २२ येते. माव्याला १६ आणि ढालकिड्याला ११ अंश-दिवस मिळतात. म्हणजे मावा सुमारे ६ दिवसांत, तर ढालकिडा २० दिवसांत प्रौढ होतो. दोहोंतील अंतर १४ दिवसांचे.

मार्चमध्ये कमाल ३४ व किमान २० अंश असल्यास सरासरी २७ येते. मावा सुमारे ५ दिवसांत, ढालकिडा १४ दिवसांत प्रौढ होतो. अंतर ९ दिवसांवर येते.

महाराष्ट्रात रात्र अधिक गार असते. कमाल २८ व किमान १० अंश असलेल्या दिवशी सरासरी १९ येते. मावा सुमारे ८ दिवसांत, तर ढालकिडा २७ ते २८ दिवसांत तयार होतो. अंतर तब्बल २० दिवसांचे होते.

शिवाय थंडीत माव्याच्या माद्या नराविना थेट पिलांना जन्म देत असतात; अंडी, कोष या अवस्थांत त्यांचा वेळ जात नाही. म्हणूनच गारठ्याच्या दिवसांत वालाचे शेंडे पाहता पाहता काळे पडतात आणि ‘यंदा मित्रकीटक दिसतच नाहीत’ असा समज होतो. ते नाहीत असे नाही. त्यांना उशीर झालेला असतो. परसातील कामांचे नियोजन हे अंतर लक्षात घेऊन करावयाचे आहे.

रोजची कामे

१. सकाळची पाहणी. ऊन अंगावर येऊ लागले की परसातून एक फेरी मारावी. वालाचे, शेवग्याचे व मिरचीचे मिळून १० शेंडे निवडावेत आणि पानांची खालची बाजू पाहावी. मावा, पिठ्या ढेकूण व पांढरी माशी बहुधा तिथेच असतात. त्याच वेळी मित्रकीटकही ओळखावेत. पिवळ्या, उभ्या अंड्यांचे पुंजके ढालकिड्याचे असतात. बारीक देठाच्या टोकावर लटकणारे पांढरट अंडे क्रायसोपाचे असते. फुगलेला, सोनेरी-तपकिरी आणि न हलणारा मावा म्हणजे ज्याच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढते आहे असा मावा.

ढालकिड्याची अळी विशेष लक्षात ठेवावी. लांबट, करडी-काळी, पिवळसर ठिपक्यांची आणि इवल्या मगरीसारखी दिसणारी ही अळी प्रौढ ढालकिड्यासारखी मुळीच दिसत नाही. त्यामुळे अनेक घरांत ती कीड समजून चिरडली जाते. परसातील सर्वांत उपयोगी कामकरी अशा रीतीने आपल्याच हातून मारला जातो.

२. शेंडे खुडणे आणि धुणे. मावा प्रथम एखाद्या शेंड्यावर वसाहत करतो. असा शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावा. वसाहत विखुरलेली असल्यास पानांच्या खालच्या बाजूने पाण्याची जोरदार धार मारावी. खाली पडलेल्या माव्यांपैकी बरेचसे पुन्हा झाडावर चढू शकत नाहीत. सोनेरी मावा असलेली पाने मात्र खुडू नयेत. शेंडा काढणे भागच पडले, तर तो सावलीत झाडाखाली ठेवावा, म्हणजे आतील गांधीलमाश्या बाहेर पडू शकतील.

३. धूळ उतरवणे. रस्त्याकडेच्या परसात या कोरड्या दिवसांत पानांवर धुळीचा थर साचतो. धुळीमुळे लहान परोपजीवी कीटकांच्या हालचाली व शोधकार्य मंदावते. कोळी किडीला मात्र अशी स्थिती मानवते. चुलीची राख पानांवर सरसकट उधळण्याची प्रथाही याच कारणासाठी मर्यादित ठेवावी. राख झाडाच्या बुंध्याशी मातीत मिसळावी. तिथे ती पालाशाचा स्रोत म्हणून कामी येते.

४. मुंग्यांवर लक्ष. खोडावरून मुंग्यांची रांग वर जात असेल, तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असे समजावे. त्यांच्या शरीरातून पाझरणाऱ्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. झाडाला टेकलेल्या काठ्या, दोऱ्या, जमिनीला टेकलेल्या फांद्या काढाव्यात आणि खोडाभोवती कापडाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावावे. मुंग्यांची वाट तुटली की ढालकिड्यांचे काम सोपे होते.

५. पाणी देणे. थंडीच्या दिवसांत पाणी सकाळी द्यावे. सायंकाळी भिजलेली पाने रात्रभर ओली राहतात व बुरशीजन्य रोगांना वाव मिळतो.

आठवड्याची कामे

१. वालाचा मांडव. म्हैसूर भागात ‘अवरे’ या नावाने ओळखला जाणारा वाल हे थंडीचेच पीक. हंगामाच्या अखेरीस राहिलेल्या शेंगांत शेंगा पोखरणाऱ्या अळ्या आश्रय घेतात. भोक पडलेल्या शेंगा आठवड्यातून एकदा वेचून जनावरांना घालाव्यात. वेल संपल्यावर तो मांडवावर वाळत ठेवू नये. काढून कंपोस्टमध्ये दाबावा. बियाण्यासाठी राखलेल्या शेंगा कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भराव्यात. कारण कडधान्यातील भुंगेरे शेंगांवर शेतातच अंडी घालतात आणि घरात येतात ते दाण्यांतूनच.

२. मोगरा. छाटणीनंतर येणाऱ्या नव्या बहरावर कळी पोखरणारी अळी येते. एक अळी रेशमी धाग्याने कळ्या एकत्र गुंफून अनेक कळ्यांचे नुकसान करते. जांभळट पडलेल्या, भोके असलेल्या आणि खाली गळलेल्या कळ्या गोळा करून नष्ट कराव्यात. बहराच्या सुरुवातीला केलेली ही वेचणी पुढील पिढीची संख्या कमी करते.

३. केळी. खोडाला लटकणारी वाळली पाने काढावीत. त्यांच्या आडोशाला खोड पोखरणारा सोंड्या भुंगा लपतो. घड उतरवलेले खोड उभे ठेवू नये. त्याचे फूटभर लांबीचे तुकडे उभे चिरून, चिरलेली बाजू जमिनीकडे करून बागेत ठेवल्यास भुंगे त्यांकडे आकर्षिले जातात. ते दर दोन-तीन दिवसांनी वेचून मारावेत. तुकडे सुकले की बदलावेत. मर रोगाने गेलेल्या झाडाचे खोड अशा सापळ्यासाठी वापरू नये.

४. उकिरडा. नारळाचा शेंडा कुरतडणारा गेंड्या भुंगा शेणखतात व कुजणाऱ्या लाकडात वाढतो. त्याच्या जाड, पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या या दिवसांत खताच्या ढिगात सापडतात. पावसाळ्याआधी ढीग एकदा पूर्ण हलवावा. अळ्या कोंबड्यांना टिपू द्याव्यात किंवा वेचाव्यात. उरलेल्यांसाठी मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी ओलसर खतात मिसळता येते. एका घराचा उकिरडा साऱ्या गल्लीच्या नारळांना भुंगे पुरवू शकतो. म्हणून हे काम शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात करणे अधिक हितावह.

५. पाचोळा. माघात गळलेली पाने गोळा करून पेटवणे हा सर्वत्र आढळणारा प्रघात आहे. या आगीत कोळ्यांची अंडी, जमिनीवरील शिकारी भुंगेरे व गांडुळे नष्ट होतात. पाचोळा आळ्यात आच्छादन म्हणून पसरावा. याने ओल टिकते आणि रात्रीच्या गारठ्यात मित्रकीटकांना निवारा मिळतो. आच्छादन खोडाला चिकटवू नये. वीतभर जागा मोकळी सोडावी.

६. पाण्याची भांडी. पाणीटंचाईच्या चाहुलीने याच काळात पिंपे, रांजण भरून ठेवले जातात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची वाढ अशा साठवणीत होते. भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावीत. नुसते रिकामे करणे पुरेसे नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात व कोरडेपणात महिनोन्‌महिने टिकतात.

तुतीशेजारची परसबाग : विशेष दक्षता

रेशीम कीटक हाही एक पतंगच आहे. अळीला मारणारे बहुतेक प्रत्येक द्रव्य रेशीम अळीलाही मारते. म्हणून तुतीशेजारच्या परसात ‘थोडीशी फवारणी’ ही किरकोळ बाब राहत नाही.

संगोपनाच्या शेवटच्या, म्हणजे पाचव्या अवस्थेत अळ्या आपल्या एकूण खाद्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला खातात. हा काळ सुमारे आठवड्याचा असतो. तोवर कुटुंबाचे तीन आठवड्यांचे श्रम, चॉकीचा खर्च व तुतीची मशागत एका बॅचमध्ये गुंतलेली असते. शेजारच्या मिरचीवरून वाऱ्याने आलेले तुषार त्या पाल्यावर पडले, तर सर्व बॅच एका दिवसात जाऊ शकते. विषबाधेची लक्षणे स्पष्ट असतात : अळ्या खाणे सोडतात, डोके हलवत राहतात, तोंडातून हिरवट द्रव टाकतात आणि शरीर आखडून पडतात. त्यानंतर उपाय जवळजवळ उरत नाही.

येथे दोन घरगुती उपायांविषयी सावध करणे आवश्यक आहे. पहिला तंबाखूचा काढा. म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूर, पिरियापट्टण भागांत तंबाखूचे पीक घेतले जाते. पाने हाताशी असल्याने काढा करणे सोपे वाटते. निकोटीन हे रेशीम अळीसाठी अत्यंत घातक विष आहे आणि हाताळणाऱ्या माणसालाही अपायकारक आहे. दुसरा निंबोळी अर्क. परसबागेसाठी तो उत्तम. परंतु त्यातील ॲझाडिरॅक्टिन अळ्यांच्या कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणते आणि त्यातून रेशीम अळी सुटत नाही. ‘वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक’ हे समीकरण तुतीशेजारी खरे ठरत नाही.

शेजारी फवारणी झाल्याचा संशय असल्यास त्या कडेचा पाला सर्व अळ्यांना एकदम देऊ नये. प्रथम मोजक्या अळ्यांना वेगळ्या तबकात देऊन २४ तास निरीक्षण करावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संगोपनाच्या तारखा शेजारच्या घरांना आधीच सांगून ठेवाव्यात. तुती नसलेल्या घराला तिचे वेळापत्रक ठाऊक असण्याचे कारण नसते.

पपईवरील पिठ्या ढेकणाचा धडा

वाट पाहण्याचा सल्ला व्यवहारात टिकतो का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. दक्षिण भारताने त्याचे उत्तर अनुभवलेले आहे.

मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेतील पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात प्रथम २००८ मध्ये कोईमतूर येथे आढळला. पाहता पाहता पपईसह टॅपिओका, जास्वंद आणि तुतीवर तो पसरला. त्याच्या अंगावरील मेणचट पांढऱ्या आवरणामुळे फवारणी आतवर पोचत नव्हती. तुतीवर तर फवारणी करणेच अवघड. येथील नैसर्गिक शत्रूंना तो आवरेना, कारण त्याचे खास शत्रू मायदेशीच राहिले होते.

२०१० मध्ये बेंगळुरूच्या, आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने प्युर्टो रिको येथून तीन परोपजीवी गांधीलमाश्या आणवल्या. त्यांतील ‘ॲसेरोफॅगस पपायी’ ही सर्वाधिक प्रभावी ठरली. मोहरीच्या दाण्याहूनही लहान असलेल्या या माशीने पिठ्या ढेकणाला काही महिन्यांतच आटोक्यात आणले. या मोहिमेत शेतकऱ्यांना दिलेली मुख्य सूचना साधी होती : माशी सोडलेल्या बागेत कीटकनाशक फवारू नये.

नारळावरील रुगोज चक्राकार पांढऱ्या माशीबाबतही हेच सूत्र लागू आहे. ही माशी भारतात २०१६ मध्ये तमिळनाडूतील पोल्लाची भागात आढळली आणि पुढे कर्नाटकातील नारळांवर पोचली. पानांवर काळी बुरशी पाहून घरमालक घाबरतो. परंतु ती माशीच्या गोड स्रावावर वाढलेली असते. ‘एन्कार्सिया ग्वाडेलुपी’ ही परोपजीवी माशी तिचा बंदोबस्त करते. पानांच्या खालच्या बाजूला काळे पडलेले कोष दिसल्यास परोपजीवी काम करीत आहे असे समजावे. अशा पानाचा तुकडा कापून, अद्याप परोपजीवी न पोचलेल्या झाडाच्या पानाला टाचावा. झाड लहान असल्यास पाण्याच्या धारेने माशी व बुरशी दोन्ही उतरतात.

फवारणीचा निर्णय : घरगुती निकष

सकाळच्या पाहणीतील १० शेंड्यांवरून पुढीलप्रमाणे निर्णय घ्यावा.

• १ ते ३ शेंड्यांवर कीड असल्यास : खुडणे व धुणे पुरेसे.

• ४ किंवा अधिक शेंड्यांवर कीड, परंतु त्यांपैकी किमान दोहोंवर मित्रकीटक किंवा सोनेरी मावा असल्यास : फवारणी करू नये. खुडणे, धुणे चालू ठेवून पाच दिवसांनी पुन्हा मोजावे.

• ४ किंवा अधिक शेंड्यांवर कीड, मित्रकीटक नाहीत आणि शेजारी तुतीही नाही : फक्त त्या झाडांवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावी, सकाळी गाळून पाणी १ लिटर करावे व त्यात २ ग्रॅम साबणचुरा मिसळून सायंकाळी वापरावे. सायंकाळी मधमाश्या परतलेल्या असतात.

• शेजारी तुती असल्यास : फवारणीऐवजी खुडणे, धुणे आणि गरज पडल्यास अतिबाधित झाड उपटून टाकणे हाच मार्ग. एका वांग्याच्या झाडाची किंमत रेशमाच्या बॅचहून अधिक नसते.

आंबा, शेवगा मोहरावर असताना त्यांवर व त्यांखाली फवारणी टाळावी. सातेरी मधमाश्या आणि मोहरावरील माश्या यांच्यावरच फळधारणा अवलंबून असते.

स्वाध्याय

१. आपल्या गावातील आठवड्याचे कमाल व किमान तापमान नोंदवा. वर दिलेल्या पद्धतीने मावा व ढालकिडा यांच्या वाढीतील अंतर काढा.

२. परसातील एका वालाच्या वेलावरील १० शेंडे संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत दर पाच दिवसांनी मोजा. बाधित शेंडे आणि मित्रकीटक असलेले शेंडे असे दोन स्तंभ ठेवा. मित्रकीटकांचा स्तंभ केव्हा वाढू लागतो ते पाहा.

३. शेजारच्या तीन घरांतील उकिरडे, पिंपे आणि तुतीच्या बागा यांचा साधा नकाशा काढा आणि कोणती कामे एकत्र करता येतील ते ठरवा.

सारांश

थंडीच्या उतरणीवर किडी आघाडी घेतात, कारण त्यांना कमी उष्णता पुरते. त्यांचे शत्रू दोन ते तीन आठवडे मागे असतात. हा काळ खुडणे, धुणे, वेचणे, मुंग्यांची वाट अडवणे आणि पाचोळा राखणे या कामांनी निभावून न्यावा. यांतील बहुतेक कामे घरातील स्त्रिया व वडीलधारी मंडळी पूर्वापार करीत आलेली आहेत. त्यांत भर घालायची ती निरीक्षणाची आणि नोंदीची. गुढीपाडव्याच्या, म्हणजेच म्हैसूरच्या युगादीच्या सुमारास ऊन चढते आणि ढालकिड्यांची नवी पिढी शेंड्यांवर दिसू लागते. तोवर परसात विष न आल्यास पुढील हंगामाची राखण तीच करते.